मान न वळवणाऱ्या माणसाचा माइक

मित्रांनो, तुमच्या शर्टाचे बटण जरा नीट बघा. मी त्या बटणाहूनही लहान आहे. गाण्याच्या मंचावर जाळीच्या डोक्याचे लठ्ठ माइक उभे असतात, ते मला पाहून नाक मुरडतात. पण मूर्ती लहान असली तरी कीर्ती महान असू शकते, हे त्यांना कोण सांगणार? ते गाणाऱ्याच्या तोंडापुढे मिरवतात आणि मी माणसाच्या कानाशी लपून बसतो. त्यांना सगळे बघतात. मला कोणी बघितले, तर माझी धडगत नसते. माझे सारे आयुष्य अशा लपाछपीत गेले, आणि खरे सांगतो, मोठ्या मजेत गेले.

मी एकच आहे, पण मला आवाज टिपणारे दाणे दोन. एक डावा, एक उजवा. दोघांतून केसासारखी बारीक तार निघते, मानेमागे एकत्र येते आणि कॉलरच्या आतून उतरून कोटाच्या खिशातल्या टेपरेकॉर्डरला जाऊन मिळते. चष्म्याच्या दोन दांड्यांना मी चिकटून बसतो, बरोबर कानापाशी. चष्म्याच्या काचा साध्या, खिडकीच्या काचेसारख्या. कारण तो ज्याच्या नाकावर बसायचा, त्या माझ्या मालकाची, वीबेची नजर घारीची होती. चष्मा त्याच्यासाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. वरून त्याने आपले पिवळे लांब केस मोकळे सोडले, की मी शोधूनही सापडत नसे.

माझा जन्म नेदरलँडच्या उत्तरेला, लेउवार्डन गावात, हिल्येच्या स्वयंपाकघरात झाला. हिल्ये ही वीबेची थोरली बहीण. ऐकू न येणाऱ्यांची कानातली यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दुकानात ती काम करी. तिथे मोडीत निघालेल्या दोन यंत्रांतून तिने माझे दाणे काढले. डावा पूर्वी बाजारात चीज विकणाऱ्या एका आजोबांच्या कानात होता आणि उजवा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका बाईंच्या. त्यामुळे डाव्याला अजून गलका आवडतो आणि उजवा जरा शिष्ट आहे. दोघांचे पटवून घेण्यातच माझे लहानपण गेले.

हिल्येने मला वीबेच्या वाढदिवसाला भेट दिले. त्या दिवशी रिवाजाप्रमाणे घरात खुर्च्यांचे गोल कडे मांडले होते, नातेवाईक कॉफीचा कप मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येकजण प्रत्येकाचे अभिनंदन करत होता. वीबे नवा चष्मा लावून मध्ये बसला. कोणाला काही कळले नाही. रात्री बहीण-भावाने स्वयंपाकघराचे दार लावून टेप ऐकली, तर डाव्या बाजूने आत्याबाई शेजारणीच्या कानात सांगत होत्या, “केक गेल्या वर्षीचाच दिसतोय, फक्त वरची साय नवी.” हिल्ये हसून हसून भांड्यांच्या टेबलाला टेकली. मी पास झालो होतो.

वीबे पुलाचा राखणदार होता. कालव्यातून नाव आली, की रस्त्याचे फाटक पाडायचे, पूल उचलायचा आणि गळाच्या काठीला बांधलेला लाकडी जोडा नाववाल्यापुढे झुलवायचा. नाववाला त्यात नाणे टाकतो आणि पुढे जातो. आमच्याकडच्या वाऱ्यात तो जोडा नेमका नाववाल्याच्या हातासमोर थांबवून धरणे हे येऱ्यागबाळ्याचे काम नाही. वीबे ते दिवसभर करी. स्थिर राहणे त्याच्या हाडीमांसी खिळले होते, आणि माझ्या धंद्यात त्याहून मोठा गुण नाही.

त्याचे कारण ऐका. मी डोक्यावर बसतो, म्हणून डोके जिकडे वळते तिकडे मी वळतो. माणसाने मान जरा डावीकडे केली, तर टेपवर सगळे वादक उजव्या भिंतीकडे पळतात. शेजाऱ्याकडे बघून हसलात, की गाणाऱ्याचा आवाज खोलीभर भटकतो. म्हणून चोरून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचे काही नियम असतात. कातड्याचे जाकीट घालायचे नाही, ते कुरकुरते. घड्याळ काढून ठेवायचे. ज्येष्ठमधाची काळी गोळी खायची असेल, तर तिचा कागद आधीच घरी सोडवून यायचे. टाळ्या वाजवायच्या नाहीत, सोबत गायचे नाही, शेजारी काही बोलला तर ऐकू न आल्यासारखे करायचे. आणि काही झाले तरी मान वळवायची नाही. सभागृहात आवाजाची बटणे सांभाळणारा माणूस जिथे बसतो, त्याच्या बरोबर पुढे वीबे उभा राही. ती जागा सगळ्यात उत्तम. तिथे तो असा उभा राही, की एकदा एका बाईंनी आपली पर्स त्याच्या खांद्याला अडकवली होती.

आमच्या भागात तेव्हा एका वादकमंडळाचे वेड होते. त्यांचे नाव ‘ओल्या काड्या’. आगपेटीतल्या काड्या ओल्या झाल्यावर पेटत नाहीत, तसे यांचे. कितीही गाजले तरी तबकडी म्हणून कधी निघाली नाही, कारण चौघांचे कशावरच एकमत होत नसे. भांडणारे चौघे मंचावर चढले, की मात्र अंगावर काटा यावा असे वाजवत. एक गाणे तर ते दर वेळी निराळे करत. कधी दहा मिनिटे, कधी पंचवीस. त्याला ते ‘भरती’ म्हणत. हे गाणे कुठे विकत मिळत नव्हते. ज्याने जिथे ऐकले तिथेच ते विरून गेले, आणि उरले असेल तर माझ्यासारख्याच्या दाण्यांत.

वीबेच्या टेपा टपालाने हॅम्बुर्गला जात, गेंटला जात. तिकडून दुसऱ्या टेपा येत. पैशांचा व्यवहार अजिबात नाही. टेप विकणारा आमच्यात वाळीत पडतो. “हे चोरूनच करायचं ना, मग साव कसले?” असे हिल्ये टोमणा मारी. वीबे फक्त म्हणे, की कोणी ठेवलेच नाही तर ते जाईल. मला त्याचे म्हणणे पटे. पण मी पक्षपाती आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. बाहेरगावच्या पत्रांत त्याचे कौतुक असे. ‘वीबेचे डोके म्हणजे चर्चचा खांब’ असे एकाने लिहिले होते. तेव्हा मी चष्म्याच्या डबीत सुखाने फुगलो होतो.

पण खांबालाही पालवी फुटायची वेळ येते.

ओल्या काड्या ज्या सभागृहात वाजवत, तिथे पूर्वी लोण्याचा कारखाना होता. लोक त्याला अजून डेअरीच म्हणत. आत शिरताना कोट ठेवण्याची खिडकी होती आणि खिडकीत चित्स्के होती. हाडापेराने मजबूत, गालांवर वाऱ्याने आलेली लाली, आणि सवय अशी, की ती कोटांशी बोलायची. “ये बाई, तू भिजलीस. तुला हीटरजवळ टांगते.” “तू जरा सरक रे ढेरपोट्या, मागचा गुदमरतोय.” थंडीच्या दिवसांत सगळे गाव तिच्याकडे कोट देऊन आत जाई. एकटा वीबे कोट देत नसे. देणार कसा? खिशात टेपरेकॉर्डर, कॉलरमध्ये माझी तार.

दर वेळी तोच संवाद.

“कोट?”

“नको. मला थंडी वाजते.”

“आत उकडतं. गेल्या खेपेला दोघं घेरी येऊन पडली.”

“मला नाही उकडत,” असे वीबे म्हणे, आणि त्याच्या कपाळावरचा घाम ओघळून माझ्या उजव्या दाण्यावर टपकन पडे. तो शिष्ट दाणा मग रात्रभर कुरकुरे.

कोट ठेवायला गिल्डरचे एक नाणे पडे. चित्स्केने आपल्यापुरता निष्कर्ष काढला होता. एकदा तो पाठमोरा झाल्यावर ती एका हिरव्या कोटाला म्हणाली, “बघितलंस? एका गिल्डरपायी उकडून निघेल, पण खिशात हात घालायचा नाही. असा चिक्कू माणूस मी जन्मात पाहिला नाही.” वीबेने ते ऐकले. मीही ऐकले. त्याच्या कानाची पाळी एवढी तापली, की मला वाटले आता माझा डिंक सुटतो. खरे सांगता येत नाही आणि खोटे टिकत नाही, अशी बिचाऱ्याची गत. ज्या खिडकीपाशी घटकाभर रेंगाळावे असे त्याला वाटत होते, तिथूनच त्याला पळावे लागे.

सगळे कोट टांगून झाले, की चित्स्के आत येई आणि डाव्या भिंतीच्या दाराला टेकून गाणे ऐके. त्या हिवाळ्यात, एका संथ गाण्याच्या मध्यावर, जे कधी झाले नव्हते ते झाले. वीबेची मान डावीकडे वळली. थोडीशीच. पण वळली, आणि बराच वेळ तशीच राहिली. मी ओरडणार होतो, पण मला फक्त ऐकता येते.

दोन दिवसांनी हिल्ये पुलावरच्या खोलीत आली. साखरेचा पाव कापून दोघांनी कॉफी घेतली. तिने कानाला हेडफोन लावले आणि थोड्या वेळाने भुवई उचलली.

“वीबे, ड्रमवाला तिसऱ्या गाण्यात उठून कुठं गेला रे?”

“कुठं जाईल? तार हलली असेल.”

“तार हलली की खरखर होते. हे तुझं डोकं वळलंय. डावीकडे.” तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. “कोण होतं डावीकडे?”

वीबेने खिडकीबाहेर पाहिले. नाव एकही येत नव्हती, तरी तो उठून फाटकाची चावी बघू लागला. हिल्येने मग सगळे काढून घेतले. ती कानाच्या धंद्यातली, तिच्यापासून काय लपणार? “मूग गिळून बसशील तर ती तुला चिक्कूच समजेल,” ती म्हणाली. वीबे म्हणाला, बघू, घाई काय आहे.

घाई होती. एप्रिलमध्ये बातमी आली, की ओल्या काड्या फुटल्या. ड्रमवाला न्यूझीलंडला कायमचा चालला होता आणि डेअरीत शेवटचा कार्यक्रम ठरला होता. त्याच आठवड्यात तिकीट काढायला गेलेल्या वीबेने खिडकीतले बोलणे ऐकले. चित्स्के खुंट्या पुसत त्यांना सांगत होती, “या कार्यक्रमानंतर तुम्ही मोकळ्या आणि मीही. दुसऱ्याच दिवशी बेटावर जाते. मावशीच्या सायकलींच्या दुकानात. जमलं तर तिथंच राहीन, या कोंदट बोळात परत येत नाही.”

म्हणजे एकाच संध्याकाळी दोन गोष्टी. ‘भरती’ शेवटची वाजणार, आणि ती टेपवर आली पाहिजे. आणि चित्स्के निघून जाणार, तिला त्याच्या आधी काहीतरी सांगितले पाहिजे. वीबेने हिल्येला वचन दिले, की कार्यक्रम संपला, की तो खिडकीपाशी थांबेल आणि बोलेल. काय बोलायचे, ते तो पूल उचलताना स्वतःशी पुटपुटत असे. मी डबीतून ऐकत होतो. चांगले वाक्य होते.

ती संध्याकाळ उजाडली म्हणा ना, कारण माझ्यासाठी तो सणच होता. डेअरीबाहेर सायकलींचा ढीग पडला होता. नव्या बॅटऱ्या, कोरी टेप, चष्मा लख्ख पुसलेला. माझे दोन्ही दाणे भांडण विसरून थरथरत होते. आणि दारातून आत पाऊल टाकतो तो काय, भिंतीवर नवी पाटी: प्रत्येकाने कोट ठेवायलाच हवा. व्यवस्थापक हाउसमान जातीने खिडकीशेजारी हाताची घडी घालून उभा. गावोगाव फिरणाऱ्या टेपांचा त्याला सुगावा लागला होता.

मागून रांग ढकलत होती. परत फिरलो असतो, तरी हाउसमानच्या नजरेत भरलो असतो. वीबेने खांबाआड चष्मा काढला, माझ्या तारेसकट घडी करून कोटाच्या खिशात रेकॉर्डरवर कोंबला आणि कोट उतरवला. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा. मित्रांनो, त्या क्षणी मला रडू येत होते. शेवटची ‘भरती’ आणि मी खुंटीला लटकणार!

“आला की शेवटी कोट,” चित्स्के म्हणाली आणि तिने तो हातात घेतला. तिचा हात वजनाने खाली गेला. तिच्या बोटांना खिसा लागला, खिशातला टणक चौकोन लागला, खिशातून लोंबणारी तार लागली. तिने वर बघितले. वीबे चष्म्याशिवाय तिच्यासमोर उभा होता. चेहरा पांढराफटक, आणि डोळे ती तार बघत होते. हाउसमान एका हातावर होता.

चित्स्केने बिल्ला पुढे केला. “जपून ठेवते,” एवढेच म्हणाली.

वीबे आत गेला. मला तिने सगळ्यात आतल्या खुंटीवर नेले, आणि तिथे कोट छातीशी धरून ती हसू लागली. आवाज न करता, खांदे हलवत. “अरे गाढवा,” ती कोटाला म्हणाली. “दोन वर्षं. आणि मी तुला चिक्कू म्हणत होते.” मग तिने खिशातून मला बाहेर काढले, उजेडात धरले, उलटसुलट पाहिले. तिच्याही घरी टेपरेकॉर्डर होता. कोणती बटणे एकदम दाबायची, हे तिला सांगावे लागले नाही. आत वाद्ये लागू लागली होती. शेवटचा कोट टांगून होताच तिने वीबेचा कोट अंगात घातला, तार कॉलरमधून घेतली, चष्मा नाकावर चढवला, केस पुढे ओढले आणि तडक हाउसमानच्या नाकासमोरून आत गेली. दाराशी वारा लागतो म्हणून कामाची माणसे नेहमीच काहीबाही पांघरत, त्यामुळे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. कुंपणच शेत खात होते आणि राखणदाराला पत्ता नव्हता.

आणि मग वाजले! काय सांगू तुम्हाला! पहिल्याच ठोक्याला ओल्या काड्यांनी छप्पर उचलले. चौघे एकमेकांकडे बघून हसत होते. हे मी कधी ऐकले नव्हते, आणि हसू ऐकू येते बरे का, सुरात येते. पण माझे हाल चालले होते. चित्स्केला स्थिर डोक्याचा नियम कोणी सांगितला होता? ती सारखी मान वळवत होती. सूर धरावा तर ती वळे, गाणारा डावीकडे पळे. परत येई, परत वळे. दर वेळी उजवीकडे. डावा दाणा म्हणाला, या बाईला खरूज झालीय की काय. उजव्याला मात्र काहीतरी कळले असावे.

तिकडे वीबे आपल्या नेहमीच्या जागी उभा होता. डोक्यावर मी नाही, खिशात काही नाही, तरी पठ्ठ्या खांबासारखाच. न हलता, न टाळी वाजवता. तिसरे गाणे संपले तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले, की आज त्याचे हात मोकळे आहेत. त्याने ते वर आणले, त्यांच्याकडे पाहिले आणि एक टाळी वाजवली. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावर. ती त्या टेपवर अजून आहे. टाळी वाजवून तो कोणाकडे तरी बघायला म्हणून डावीकडे वळला आणि त्याला दाराशी स्वतःचा कोट दिसला, आपला चष्मा दिसला.

त्याचा आनंद दोन गाणी टिकला. मग त्याला टेप आठवली. टेपची एक बाजू पाऊण तास पुरते. नंतर ती काढून उलटी घालावी लागते. वीबे ते खिशातल्या खिशात, अंधारात, दोन गाण्यांच्या मध्ये करी. गाण्याच्या भरात चित्स्केला हे कोण आठवून देणार? आणि पुढचे गाणे होते ‘भरती’.

गाणारा गिटारच्या तारा पिळत होता. वीबेने आपली जागा सोडली. मित्रांनो, ज्या जागेसाठी तो तासभर आधी येई, जिथून तो आग लागली तरी हलला नसता, ती जागा सोडून तो गर्दीत घुसला. कोपरांचे धक्के खाल्ले, कोणाची बिअर बाहीवर घेतली, माफ करा माफ करा म्हणत तो भिंतीपाशी पोचला तेव्हा ड्रमवाला काड्या उचलत होता. चित्स्केने काही विचारायला तोंड उघडले. वीबेने ओठांवर बोट ठेवले आणि तिने घातलेल्या त्याच्याच कोटाच्या खिशात हात घातला. खट, टेप बाहेर. सर्र, उलटी. खट, आत. दोन बटणे. पहिल्या ठोक्याच्या एक श्वास आधी!

त्या दिवशी ‘भरती’ अर्धा तास वाजली. मी आयुष्यात पुष्कळ ऐकले, पण तसे पुन्हा नाही. कधी ती पायाखालच्या वाळूसारखी सरके, कधी छातीपर्यंत चढे. माणसे मुले असल्यासारखी नाचत होती. आणि ते दोघे दाराशी खांद्याला खांदा लावून उभे. चित्स्केची मान आता जराही हलत नव्हती. वीबेचा तर प्रश्नच नव्हता.

मग दिवे लागले आणि सगळ्यांना एकदम आपापले कोट हवे झाले. हाउसमानने हाक मारली. चित्स्केने भराभर कोट आणि चष्मा उतरवून वीबेच्या हातात दिला आणि ती खिडकीकडे पळाली. खिडकीपुढे झुंबड उडाली. वीबे कोपऱ्यात थांबला खरा, पण हाउसमान शेवटपर्यंत तिच्या शेजारून हलला नाही, आणि मग त्याने सगळ्यांबरोबर वीबेलाही बाहेर घालवून दार लावून घेतले. सकाळच्या बोटीने ती बेटावर गेली.

हिल्ये एवढी चिडलेली मी कधी पाहिली नाही.

“अर्धा-पाऊण तास तिच्या शेजारी उभा होतास. खांद्याला खांदा लावून. आणि एक शब्द नाही?”

“टेप चालू होती,” वीबे म्हणाला.

हिल्येने त्याच्याकडे असे बघितले, की बास. “मग घेऊन बस तुझी टेप,” ती म्हणाली आणि तिने हेडफोन त्याच्या कानांवर आपटले.

वीबे पुलावरच्या खोलीत बसून ऐकू लागला. पहिल्या बाजूला वादक डावीकडे पळत होते, परत येत होते, पुन्हा पळत होते. सुरुवातीला तो कळवळला. एवढी शेवटची टेप आणि अशी भोवऱ्यासारखी! मग तो थांबला. त्याने टेप मागे नेली, पुन्हा ऐकली. डोळे मिटून त्याने खोलीत आपण त्या दाराशी उभे आहोत असे धरले, मंच समोर, आणि टेपप्रमाणे मान वळवून पाहिली. वादक डावीकडे जातात तेव्हा डोके उजवीकडे असते. दारापासून उजवीकडे मंच नाही, उजवीकडे मधली जागा आहे. आवाजवाल्याच्या बरोबर पुढची. त्याने दुसरी बाजू लावली. ‘भरती’ तिथे शांत समुद्रासारखी स्थिर पसरली होती. डोके एकदाही हलले नव्हते, कारण आता ज्याला बघायचे तो शेजारीच होता.

खाली कालव्यात एक नाव कधीची भोंगा वाजवत होती. मागे दुसरी आली, तिसरी आली. पूल खालीच. हिल्ये खिडकीत गेली, हातानेच त्यांना थांबा म्हणाली आणि वळून भावाला म्हणाली, “कळलं?”

वीबेने हेडफोन काढले. “आज दुपारची बोट आहे ना?”

बेटावर ऊन लख्ख पडले होते. धक्क्याजवळच सायकलींचे दुकान होते आणि आतून आवाज येत होता, “तुझी साखळी सुटली रे बाळा, उभा राहा नीट.” वीबे दारात थांबला. चित्स्के हातांना वंगण लागलेली, सायकल सोडून उभी राहिली.

“टेप बिघडली का हो?” तिने विचारले. “मला वाटलंच होतं. ते उलटं करायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

“पहिल्या बाजूला तुमचं डोकं सारखं उजवीकडे वळलंय,” वीबे म्हणाला.

“मग?”

“उजवीकडे मी होतो.”

चित्स्के हाताचे वंगण पुसत राहिली. “त्या चौघांना बघायचं असतं, तर समोर बघितलं असतं,” शेवटी ती म्हणाली. “एवढी अक्कल आहे मला.”

वीबेने घसा खाकरला. पुलावर शंभरदा घोकलेले वाक्य आता ओठांपर्यंत आले होते, आणि मी दोन्ही दाणे टवकारून बसलो होतो. तेवढ्यात तिची नजर त्याच्या शर्टाच्या खिशातल्या चष्म्याकडे गेली.

“हे ऐकतंय का आत्ता?”

“नाही. तार कशाला जोडलेली नाही.”

“तरी,” ती म्हणाली, आणि तिने मला खिशातून उपसून मुठीत गच्च धरले.

मित्रांनो, म्हणून वीबे काय बोलला, ते मला आजतागायत ठाऊक नाही. साऱ्या मुलखातली गाणी ज्याने चोरून ऐकली, त्याला एवढे एक वाक्य ऐकता आले नाही! मुठीत मला फक्त तिच्या नाडीचे ठोके ऐकू येत होते. आधी ते ठीकठाक होते. मग एकदम असे सुटले, की ओल्या काड्यांच्या ड्रमवाल्याने काड्या टाकून दिल्या असत्या.

पुढे मी खूप वर्षे काम केले. कधी वीबेच्या डोक्यावर, कधी चित्स्केच्या. ती टेपही टपालाने सगळीकडे गेली. हॅम्बुर्गहून चिडून पत्र आले, की पहिल्या बाजूला हे कोणते डुलणारे बदक उभे केले होते. वीबेने त्याला उत्तर पाठवले नाही. चित्स्केने पाठवले, पण त्यात काय लिहिले ते सांगण्यासारखे नाही. आता लोक फोन उंच धरून उघडपणे मुद्रण करतात, आणि मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो. डावा दाणा दमटपणाने बधिर होत चालला आहे. उजवा त्याला जे काही थोडे ऐकू येते, ते सांगत असतो. एकेकाळी तो त्याच्याशी धड बोलतही नसे.

एवढेच मागणे आहे. माझ्यासारखी बारीकसारीक वस्तू तुमच्या घरात असेल, तर तिला ओलीत टाकू नका, तिच्या तारेला पीळ देऊ नका, अधूनमधून काढून तिला काहीतरी ऐकवा. कोणी गात असेल, तर गप्प उभे राहून शेजाऱ्यालाही ऐकू द्या. पण कोणासाठी मान वळवावीशी वाटली, तर मात्र खुशाल वळवा. टेप बिघडेल. बिघडू द्या.